एचटी-२ चा पाय: पाव प्रमाणातल्या मॉडेल विमानाचं लँडिंग गिअर स्वतः घडवताना

मॉडेल विमानाचं लँडिंग गिअर करायला घेतलं की पहिल्या दिवसापासून नट, होजपाइप, रिव्हेट यांच्या मागे लागायचा मोह होतो. आतला बुश, म्हणजे रॉड ज्यात सरकतो ती बाही, मग शेवटी कसाबसा बसवला जातो. क्रम नेमका उलटा हवा. बारा किलोचं विमान गवतावर टेकतं तेव्हा तो पाय शोभेची वस्तू नसतो, चालतं यंत्र असतं. रॉड सरळ सरकला, कात्री (रॉडला गोल फिरू न देणारे दोन जोडलेले हात) ढिली नसली आणि वरची पकड योग्य जागी तुटली, तर बाकीची सजावट दोन संध्याकाळचं काम आहे.

उदाहरणाला एचटी-२ घेतलंय. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं हे दोन आसनी शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचे कर्ते डॉ. विष्णू माधव घाटगे संकेश्वरच्या पलीकडचे, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. म्हणजे विमान तसं आपल्याच भागातलं म्हणायचं. पण निवडीमागचं खरं कारण वेगळं आहे. याचे पाय पंखात मिटत नाहीत. पुढे दोन पाय, मागे शेपटीचं चाक, एवढाच कारभार. पहिल्यांदा स्वतः पाय घडवणाऱ्याने मिटणाऱ्या पायांच्या वाटेला जाऊच नये.

खऱ्या विमानाचे पंख १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर. पाव प्रमाणात पंख २.६८ मीटर होतात. मॉडेलचं तयार वजन १२ किलो धरलंय आणि पुढचे सगळे आकडे त्यावरच बेतलेत. तुमचं विमान ९ किलोचं असेल तर स्प्रिंग बदलेल, बाकी बहुतेक तसंच राहील.

मापं काढताना

बेंगळुरूच्या एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) संग्रहालयात एचटी-२ उभं आहे. बेळगावहून रात्रीची गाडी धरली की सकाळी तिथे. फोटो जवळून काढू नका. लांब उभे राहून झूम करा, कॅमेरा चाकाच्या उंचीवर धरा. एक फोटो समोरून, एक अगदी बाजूने, एक मागून, आणि मग जोडांचे वेगवेगळे. परवानगी मिळाली तर चाकाशेजारी जमिनीवर एक फुटपट्टी ठेवा.

फोटो तिरका आला तरी चाक आपल्याला वाचवतं. गोल चाक तिरक्या फोटोत लंबगोल दिसतं, पण त्या लंबगोलाचा मोठा व्यास हा चाकाचा खरा व्यास असतो. तो आकडा एकदा कळला की नळीची जाडी, लगची (पिनेसाठी भोक असलेल्या कानाची) रुंदी, एक्सलपासून बुशपर्यंतचं अंतर, सगळं त्या पट्टीने मोजता येतं. व्यास कळायचा सोपा मार्ग म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेला आकार वाचणं. उभ्या ठेवलेल्या विमानाला नंतर दुसरेच टायर चढवलेले असू शकतात, म्हणून जुन्या फोटोंशी ताडून बघा.

इथे एक फसगत ठरलेली. संग्रहालयातल्या कुठल्याही विमानाच्या पायातला दाब वर्षानुवर्षांत उतरलेला असू शकतो. पाय तळाला बसलेला, चकचकीत रॉड जेमतेम दोन बोटं दिसतो. त्या फोटोवरून बांधलेलं मॉडेल कायम खचल्यासारखं दिसतं. रॉड किती बाहेर हवा हे वापरातल्या विमानाच्या फोटोवरून ठरवा. चाक पायाच्या कोणत्या बाजूला, कात्री पुढे की मागे, तेही तिथेच पक्कं करा. या लेखात चाक एका बाजूच्या आखूड एक्सलवर धरलंय, कारण मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त त्रास तीच रचना देते.

गाळ्यात जाण्याआधी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या गाळ्यांत (वर्कशॉपांत) असे दोन पाय करून देणारा टर्नर मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याला नेमकं सांगणं. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये द्या आणि बोलतानाही मिलिमीटरच बोला. 'अर्धा सूत कमी कर' म्हटलं की काही जण १.६ धरतात, काही दीड. साध्या ब्रॅकेटला चालतं, बुशला नाही. 'टाइट' आणि 'लूज' हे शब्दही टाळा. प्रत्येक फिटला आकडा लिहा. आकड्यांचा कागद असला की मिस्त्री मराठी बोलतो की कानडी याने काही अडत नाही.

दोन पायांना लागणारा माल असा:

६०८२ टी-६ अॅल्युमिनियमची नळी, बाहेरून २० मिमी, आतून १६, प्रत्येकी १६५ मिमी. एखादा तुकडा वाया जातोच, म्हणून अर्धा मीटर आणा.

१२ मिमीचा हार्ड क्रोम रॉड, प्रत्येकी ११३ मिमी. हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या गाळ्यात याचे तुकडे भंगारात पडलेले असतात.

बुशसाठी २० मिमी गनमेटलचा बार. मधल्या स्पेसरसाठी (अंतर राखणाऱ्या बाहीसाठी) डेलरीन हे कडक प्लास्टिक. एक्सलच्या ठोकळ्यासाठी ईएन-८ स्टील. एक्सलसाठी ८ मिमी ईएन-२४ स्टील. कात्रीसाठी ८ मिमी जाडीची अॅल्युमिनियम पट्टी. वरच्या पकडीसाठी २५ मिमी जाडीचा अॅल्युमिनियम ठोकळा. ६०८ नंबरची चार बेअरिंगं. ३ मिमीच्या डॉवेल पिना डझनभर. नायलॉनचे एम-४ बोल्ट मात्र भरपूर घ्या. ते तुटायलाच असतात.

क्रोम रॉडमध्ये दोन जाती आहेत आणि दुकानात दोन्ही सारख्याच चमकतात. हायड्रॉलिकचा रॉड आतून मऊ असतो. वरचा क्रोमचा पापुद्रा कापला की ड्रिल आणि टॅप सहज चालतात. सीएनसी मशीनच्या स्लाइडसाठी येणारा लिनिअर शाफ्ट वरून कडक केलेला असतो, त्यावर कानस नुसती घसरते. घेण्याआधी कापलेल्या तोंडावर, मधोमध नाही तर कडेजवळ, कानस मारून बघा. चावली तर घ्या.

नायलॉनचा बुश करू नका. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. मे महिन्यात लोण्यासारखा सरकणारा पाय जुलैत जागेवर अडकतो. बेळगावच्या पावसात हे हमखास. डेलरीन त्या मानाने फारच कमी फुगतं, पण खालच्या मुख्य बुशला गनमेटलच बरं.

आतली रचना, खालून वर

नळीच्या तळाला १८ मिमी लांबीचा गनमेटल बुश, नळीत पक्का. त्यावर २५ मिमीचा डेलरीन स्पेसर. त्यावर रॉडच्या डोक्यावर बसवलेला १२ मिमीचा गनमेटल हेड, हा रॉडबरोबर वर-खाली जातो. त्यावर स्प्रिंग, बसवलेल्या स्थितीत साधारण ८२ मिमी. सगळ्यात वर २५ मिमीचा भरीव प्लग. बेरीज १६२, म्हणून नळी १६५.

प्लग २५ चा का? वरची पकड नळीला बाहेरून आवळते. आत पोकळ असेल तर दोन मिमीची भिंत दबते आणि नळी अंडाकृती होते. पकडीच्या पूर्ण रुंदीला आतून भरीव आधार हवा.

स्पेसरवर चिमूटभरही कंजुषी नको. पाय पूर्ण लांब असताना खालच्या बुशचा मध्य आणि हेडचा मध्य यांत ४० मिमी अंतर राहतं. चाक पायाच्या मध्यरेषेपासून ३५ मिमी बाजूला आहे आणि त्यावर सहा किलो, म्हणजे ५९ न्यूटन भार. ३५ गुणिले ५९ भागिले ४०, म्हणजे प्रत्येक बुशवर आडवा सुमारे ५२ न्यूटन. घर्षण १५ टक्के धरलं तर दोन्ही बुश मिळून १५ न्यूटनला पाय हलतच नाही. आता स्पेसर १० मिमीचा केला तर अंतर २५ वर येतं, आडवा भार ८३ न्यूटन होतो आणि अडकण २५ न्यूटनवर जाते. 'स्प्रिंग घट्ट आहे' म्हणून ती पुन्हा पुन्हा बदलली जाते, तेव्हा दोष बहुतेक वेळा या अंतराचा असतो.

फिट. हायड्रॉलिक रॉड बहुधा एफ-७ मापाचा येतो, म्हणजे १२ पेक्षा शंभरातले दोन-तीन कमी. खालच्या बुशला १२ चा एच-७ रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारला की रॉड आपोआप नीट सरकतो, वेगळं काही करावं लागत नाही. रीमर मात्र बुश नळीत बसवल्यानंतर मारायचा. आधी मारलात तर बसवताना बुश आवळतो आणि माप जातं.

बाजारातली नळी आतून नेमकी १६ ची नसते, आणि अगदी गोलही नसते. लाकडी दांड्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, नळी लेथवर हळू फिरवत आतून एकसारखी करा. मग आतला व्यास मोजा आणि हेड त्यापेक्षा ०.०४ ते ०.०५ मिमी लहान टर्न करा. बुश नळीला जुळवायचा असतो. नळी बुशला जुळवत बसलात तर दिवस जातो.

रॉडचं काम

कापताना आधी ग्राइंडरच्या पातळ चकतीने भोवताली क्रोम कापा, मग हॅक्सॉ. थेट हॅक्सॉ मारला तर ब्लेडचे दात जातात आणि काठावरचा क्रोम कपची होऊन उडतो. तीच कपची पुढे बुशला ओरखडे पाडते.

खालचं टोक २० मिमी लांबीवर १० मिमी व्यासाचं टर्न करा. हे एक्सलच्या ठोकळ्यात जाणार. बारा वरून दहावर येताना कोपरा टोकदार ठेवू नका, एक मिमीची गोलाई द्या. रॉड तुटला तर याच कोपऱ्यात तुटतो.

वरच्या टोकाला ५ मिमी ड्रिल १८ मिमी खोल, त्यात एम-६ चा टॅप. हेड याच स्क्रूने बसतो, लॉक्टाइट २४३ (आटे सुटू न देणारा गोंद) लावून. खालून ६ मिमीचं भोक वरच्या टोकाच्या २५ मिमी अलीकडेपर्यंत न्या. अर्ध्या व्यासाचं भोक वाकण्याची ताकद फक्त सहा टक्क्यांनी कमी करतं, पण तेवढ्या भागाचं वजन पंचवीस टक्क्यांनी उतरवतं. १०० ग्रॅमचा रॉड ८० वर येतो. पायातला प्रत्येक ग्रॅम पंखाखाली लोंबत असतो, त्यामुळे हा सौदा फायद्याचा आहे.

स्प्रिंग

लँडिंगच्या वेळी विमान सेकंदाला एक मीटर वेगाने खाली येतं असं धरा. १२ किलोसाठी ती ऊर्जा सहा जूल, म्हणजे पायाला तीन. सरकण्याची लांबी ३० मिमी. मिमीला ६ न्यूटन कडकपणाची स्प्रिंग २० न्यूटनने आधीच दाबून बसवली, तर शेवटी तिचा जोर २०० न्यूटन होतो आणि ती ३.३ जूल गिळते. उरलेलं टायर घेतो.

स्प्रिंग करणाऱ्याला द्यायचं माप: म्युझिक वायर २.२ मिमी, बाहेरचा व्यास १४.७, काम करणारे वेटोळे २०, टोकाचे दोन बंद आणि घासून सपाट, मोकळी लांबी ८६. पूर्ण दाबली की ती ४८ मिमीवर येते. आपण तिला ५२.५ पर्यंतच नेतो, म्हणजे वेटोळे कधी एकमेकांवर आपटत नाहीत.

१.८ मिमीच्या तारेची कमी वेटोळ्यांची स्प्रिंग त्याच कडकपणाची होते, जागाही कमी घेते, म्हणून तीच सुचवली जाण्याची शक्यता फार. नाही म्हणा. त्या तारेवर येणारा ताण जवळपास दुप्पट असतो. चार-पाच लँडिंगमध्ये स्प्रिंग कायमची दबून बसते आणि विमान एका बाजूला कलतं.

नुसत्या स्प्रिंगवर विमान चेंडूसारखं उसळतं. त्यावर स्वस्तातला उपाय वरच्या प्लगमध्ये आहे. प्लगमधून आरपार १ मिमीचं भोक पाडा. रॉड वर येताना हवा कोंडत बाहेर जाते, परतताना ओढली जाते. परतीच्या वेळी हा रोध जास्तीत जास्त अठरा-वीस न्यूटन, पण उसळी मोडायला पुरतो. भोक लहान वाटलं तर अर्ध्या-अर्ध्या मिमीने वाढवा. वाढवलेलं भोक परत लहान होत नाही हे लक्षात ठेवून. हेडच्या खालच्या पोकळीला मात्र मोकळी हवा हवी. नळी आणि स्पेसर दोन्हींतून २ मिमीचं भोक, कात्रीच्या लगमागे लपेल असं.

खालच्या बुशच्या तळाशी खाच करून त्यात नमद्याची रिंग बसवा, तेलात भिजवून. खानापूरकडच्या माळावर जांभ्याची लाल धूळ असते. ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते आणि एका हंगामात बुश ढिला होतो. रॉडवर बाहेरून ग्रीस चोपडू नका. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत धुळीचा त्रास कमी, पण पाऊस पडून गेल्यावर ती चाकाला थापली जाते आणि विमान नाकावर जातं. त्या दिवशी उडवायचंच नाही, एवढाच त्यावर इलाज.

कात्री

रॉड नळीत गोल फिरू नये म्हणून दोन हातांची कात्री. वरचा लग नळीच्या तळाला आवळलेल्या रिंगवर, खालचा एक्सलच्या ठोकळ्यावर. पाय पूर्ण लांब असताना दोन्ही लगच्या पिनांत ६२ मिमी अंतर येतं. प्रत्येक हात भोक-ते-भोक ३४ मिमी ठेवला, तर तेव्हा कोन सुमारे १३२ अंश होतो आणि पूर्ण दाबल्यावर ५६.

हात ३१-३२ मिमीचे केले तर कात्री पूर्ण लांबीवर जवळजवळ सरळ रेषेत येते. मग लँडिंगच्या धक्क्याला कोपरा कुठे वळायचं हे ठरवू शकत नाही, कधी उलटा मुडपतो. मुडपला की चाक आडवं. १४० अंशांच्या वर जाऊ नका.

ढिलाईचं गणित साधं आहे. लग १४ मिमी रुंद असेल आणि पिनेत ०.३ मिमीची फट असेल, तर त्या एका जोडात चाक सव्वा अंश डुलतं. जोड तीन आहेत. पावणेचार अंश डुलणारी चाकं धावपट्टीवर फडफडतात, टायर खातात आणि विमान सरळ धावत नाही. म्हणून भोकं २.९ ने ड्रिल करून ३ मिमीच्या रीमरने पूर्ण करायची, पिना डॉवेलच्या, आणि लग फोटो परवानगी देईल तितके रुंद. एम-३ चा स्क्रू पिन म्हणून वापरू नका. आटे भोक खातात.

दोन्ही हात पट्टीतून कापताना चारही तुकडे एकत्र बोल्टने आवळा आणि भोकं एकदाच पाडा. कानसकाम नंतर. मधल्या पोकळ्या, कडांची गोलाई, हे सगळं हाताने करण्यात मजा आहे. मशीनवर केलेली कात्री कधीकधी फारच नवी दिसते.

एक्सल आणि चाक

ईएन-८ च्या ठोकळ्यात १० मिमीचं रीमर केलेलं भोक रॉडसाठी, ८ मिमीचं एक्सलसाठी. दोन्ही भोकं एकाच बांधणीत, मिलिंगवर. वेगवेगळी बांधली की काटकोन जातो. रॉड लॉक्टाइट ६३८ ने बसवा, चोवीस तास ठेवा, मग आरपार ३ मिमीची पिन. वेल्डिंग सुचवलं जाईल. उष्णतेने रॉड वाकतो, क्रोमला तडे जातात, आणि मग बुशमध्ये सरळ काहीच चालत नाही.

चाकाचा हब अॅल्युमिनियमचा, आत दोन ६०८ बेअरिंगं शक्य तितकी लांब-लांब. टायर आयता मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर पीयू (पॉलियुरेथेन) रबर ओतावं लागतं. लाकडाचा किंवा नायलॉनचा मास्टर टर्न करा, सिलिकॉनचा दोन भागांचा साचा घ्या, शोअर ए ५० कडकपणाच्या आसपासचं पीयू ओता. भरीव टायर जड होतो. १०० मिमी व्यासाचा आणि ३० मिमी जाडीचा टायर १६० ग्रॅम भरतो. मधे २० मिमी जाडीची फोमची रिंग पुरली तर रबर ९० ग्रॅमवर येतं, आणि टायर दबतोही छान. रिंग तरंगून वर येऊ नये म्हणून तिला चार जागी खुंट्या.

जून ते सप्टेंबर पीयू ओतू नका. ते हवेतल्या ओलाव्याशी रसायन करतं, फेसाळतं, आणि टायर ब्रेडसारखा जाळीदार निघतो. ओतायचंच असेल तर साचा आणि फोमची रिंग आधी मंद उबेत दोन तास वाळवा, डबा उघडल्या उघडल्या वापरा.

वरची पकड आणि तुटायची जागा

२५ मिमीच्या ठोकळ्यात २० चं भोक, एका बाजूने चिरलेलं, दोन एम-४ बोल्टने आवळणारं. चिरेमुळे पाय फिरवून चाकाची दिशा लावता येते. हा ठोकळा पंखातल्या प्लायच्या बैठकीवर बसतो. बैठक ६ मिमी बर्च प्लायचे दोन थर, दोन्ही बाजूंच्या रिब्सना (पंखाच्या फासळ्यांना) आणि मुख्य स्पारला (पंखाच्या लांब तुळईला) चिकटवलेले. पाय बळकट करून बैठक एका रिबवर लटकावली, तर पहिल्या खडबडीत लँडिंगला पाय शाबूत राहतो आणि पंखाचं पोट फाटतं.

चाक खड्ड्यात अडकलं की ते मागे ओढलं जातं आणि ठोकळ्याची पुढची कड पंखापासून सुटायला बघते. म्हणून मागचे दोन बोल्ट स्टीलचे एम-५, पुढचे दोन नायलॉनचे एम-४, मधे ५० मिमी अंतर. दोन नायलॉन बोल्ट मिळून अकराशे न्यूटनच्या आसपास तुटतात. म्हणजे पायाच्या मुळाशी साधारण ५५ न्यूटन-मीटर झाले की पाय सुटतो. नळी कायमची वाकायला याच्या दुप्पट लागतं. बोल्ट-बोल्टात फरक असतो, शिवाय पावसाळ्यात नायलॉन मऊ पडतं, म्हणून आणलेल्या पाकिटातला एखादा बोल्ट वजन टांगून तोडून बघा. चार बोल्ट स्टीलचे लावून 'आता काही होत नाही' म्हणणं म्हणजे वीस रुपयांच्या बोल्टाऐवजी पंख तोडायची तयारी.

एक्सल किती पुढे? विमान उडण्याच्या स्थितीत सपाट धरा. टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपासून गुरुत्वमध्याकडे जाणारी रेषा उभ्याशी १५ ते २० अंश हवी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ३५ सेंमी वर असेल तर टायरचा बिंदू त्याच्या साडेनऊ ते साडेबारा सेंमी पुढे. कमी ठेवला तर विमान नाकावर पडतं, जास्त ठेवला तर शेपूट उचलायला तयार होत नाही आणि वळणावर गरकन फिरतं.

तपासणी

दोन्ही पाय फळीला बोल्ट करून फळीवर बरोबर पायांच्या वर १२ किलो वाळूची पोती ठेवा. रॉडवर आधी एक बारीक ओ-रिंग सरकवून ठेवा, पाय किती दबला हे तीच सांगते. नुसत्या वजनाने पाय साडेसहा मिमी दबायला हवा. फळी हाताने दाबून सोडा, मग उचलून सोडा. घर्षणामुळे एकदा ९, एकदा ४ येईल. फरक याहून मोठा असेल तर पाय कुठेतरी घासतोय, सुटा करा.

मग तीन सेंमीवरून सोडा. पाय जवळजवळ पूर्ण दबेल, शेवटचा धक्का एक्सलच्या ठोकळ्यावरचा ३ मिमीचा रबर वॉशर घेईल. पाच सेंमीवरून सोडून 'स्प्रिंग कमी पडते' असा निष्कर्ष काढू नका. सेकंदाला एक मीटर वेग म्हणजे पाच सेंमीवरून पडणं हे खरं, पण उडतं विमान टेकतं तेव्हा पंख त्याचं बरंचसं वजन उचलून धरत असतात. वाळूच्या पोत्याला पंख नसतात.

चाकांची दिशा बघायला दोन्ही हबवर एक-एक मीटरच्या सरळ पट्ट्या धरा आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या टोकांतलं अंतर मोजा. समांतर असतील तर उत्तम. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १७ मिमी कमी आलं, तर प्रत्येक चाक अर्धा अंश आत वळलेलं आहे, तेवढं चालतं. बाहेर वळलेलं अजिबात नको. हे मोजमाप विमानाचं पूर्ण वजन पायावर असताना करायचं, कारण पाय दबला की दिशा थोडी बदलते.

सजावट

आता ती होजपाइप. ब्रेकची नळी म्हणून दीड मिमीची काळी सिलिकॉन वायर, आतल्या तारेसकट. तार आत असली की दिलेला वळसा तसाच राहतो. कात्रीच्या बाजूला तिला सैल वळसा ठेवा, नाहीतर पाय लांब होताना ती तणाव घेऊन उपटते. हे फोटोत दिसत नाही, पहिल्या लँडिंगला दिसतं.

नळी धरणाऱ्या पट्ट्या कोल्ड्रिंकच्या कॅनमधून कापा. त्यांचा पत्रा दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरचा असतो आणि घरच्या साध्या कात्रीने कापतो. एक पट्टी जवळून बघा. खऱ्या पट्टीच्या दोन्ही कडा आत किंचित दुमडलेल्या असतात आणि मधे एकच स्क्रू. पत्रा शाळेच्या कंपासमधल्या पट्टीवर ठेवून बोथट सुरीच्या पाठीने कडेला रेघ ओढली की तोच दुमड येतो. स्क्रू एम-१.६ चे षटकोनी. मापाचे नाही मिळाले तर षटकोनी पितळी बारातून टर्न करून घ्या.

लॉकिंग वायर (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून गुंफतात ती तार) हवी असेल तर बेळगावच्या शहापुरात सोनारकाम करणाऱ्याकडून पितळी तार ०.३ मिमीपर्यंत ओढून घ्या. त्यांच्या भोकांच्या पट्टीतून निघालेली तार सरळ आणि मऊ असते. तिथेच लहान कड्यांना चांदीचा टाका टंकणखार लावून मारून मिळतो. घरच्या सोल्डरिंग आयर्नने मारलेला शिशाचा टाका त्याच्यापुढे गबाळा दिसतो.

रंगात फार वेळ घालवायला नको. अॅल्युमिनियमवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला चावून बसणारा, त्यावर रुपेरी. क्रोम रॉड झाकून ठेवा, त्यावर रंगाचा थेंब पडला तर नमदा फाटतो. टायर आणि रिम यांच्यावरून सलग एक रंगाची रेघ ओढा. खऱ्या विमानात टायर रिमवर सरकला का हे त्या रेघेवरून कळतं. मॉडेलमध्येही तिचा तोच उपयोग आहे, म्हणून ती हौस नाही, तपासणीची खूण आहे.

पहिल्या दिवशी उडवू नका. गवतावर फक्त धावडवा, दहा-बारा फेऱ्या. मग नायलॉन बोल्ट काढून बघा, कात्रीच्या पिना हलवून बघा, रॉडवरची ओ-रिंग कुठवर गेली ते मोजा. वीस मिमीच्या पुढे गेली असेल तर मैदानाचा दोष आधी शोधा, स्प्रिंगचा नंतर. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या आसपास राहत असाल तर धावडवण्याआधीही ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशावर (डिजिटल स्काय) जागेचा रंग बघून घ्या. तिथे विमानतळ आहे आणि वायुदलाचं प्रशिक्षण केंद्रही.